तोन-सान उठेपर्यंत

३ मार्च, रविवार

एकोणीस सेकंद! एकोणीस!! स्टॉपवॉच दाबून दाबून अंगठा दुखतोय.

तोन-सान पडले, त्यांच्यामागे नाटकातल्या उडॉनच्या (जाड शेवयांच्या) दुकानातली सगळी गिऱ्हाईकं पडली, मालकीण पडली, पोस्टमन पडला — आणि हॉल एकोणीस सेकंद हसत राहिला. या सीझनचा रेकॉर्ड. माझ्या शेजारच्या आजोबांची कवळी हातात आली होती. खरंच!

आणि दुसरी बातमी — थिएटरच्या ऑफिसातून हो आलं! तोन-सानना स्टेजवर साठ वर्षं झाली म्हणून छोटं पुस्तक काढतायत, आणि त्यांच्या आठवणी लिहून घ्यायचं काम मला. मला! वय बावीस, अनुभव शून्य, दिवसा छोट्या मुलांना इंग्लिश राइम्स शिकवते. फॅन क्लबच्या बाईंनी म्हणे ऑफिसात सांगितलं, "ती इंडियन मुलगी घ्या. प्रत्येक शोचे सेकंद वहीत लिहिते. तिच्याइतकं येडं दुसरं कुणी नाही."

आईला सांगलीला फोन केला. "पडून दाखवणाऱ्या माणसाचं पुस्तक?" म्हणाली. मग नेहमीचं — "मराठीत लिहितेस ना रोज एक पान?" लिहिते गं. चार वर्षांची असताना ओसाकात आणलंत, इंग्लिश मीडियमला घातलंत, आणि मग भीती वाटली की पोरगी मराठी विसरणार. आता तुम्ही दोघं परत गेलात, मी राहिले, पान चालू आहे. सोयीचं पण आहे — इथे कुणाच्या हाताला लागलं तरी वाचता येणार नाही.

६ मार्च, बुधवार

पहिली बैठक, मेकअपच्या खोलीत. जवळून तोन-सान इतके छोटे आहेत! अठ्ठ्याहत्तर वय, कान केवढे, पावलं शाळेतल्या मुलासारखी. मी वाकून वाकून नमस्कार करत होते तर म्हणाले, "बास. अजून वाकलीस तर माझ्याआधी तूच पडशील." संत्रं सोलून अर्धं मला दिलं.

चाळीस प्रश्नांची यादी नेली होती. त्यांनी कागद घेतला, त्यावर सालं ठेवली. झाली यादी.

वडील कौलं घालायचे. लढाईत अख्खं शहर जळालेलं, त्यामुळे नंतर काम भरपूर. पोराला सांभाळायला घरी कुणी नाही, म्हणून पोरगं पण छपरावर.

"वाचायच्या आधी पडायला शिकलो. बाप म्हणायचा, पडताना हात पुढे करायचा नाही. हात पुढे आला की मनगट गेलं, आणि मनगट गेलेल्याला कोण काम देणार? खांद्यावर ये. पोत्यासारखा."

"मग तुम्ही कधीच हात पुढे नाही केला?"

"साठ वर्षांत एकदाही नाही. बघ."

मनगटं पुढे केली. इतकी नाजूक! मी म्हटलं, आमच्याकडे असल्या हातांत काचेच्या बांगड्या भरतात. "मग घेऊन ये ना," म्हणाले. "पुढच्या नाटकात विधवा कर म्हणून मागे लागलेत. बांगड्या घातलेली विधवा कुणी बघितली नसेल." मी म्हटलं, आमच्याकडे पण नाही.

स्टेजवर कसे आले ते ऐकून मी टेबलावर डोकं ठेवून हसले. अठराव्या वर्षी याच थिएटरचं छप्पर दुरुस्त करायला चढले आणि छपरातून सरळ स्टेजवर! खाली रडका सीन चालू. आई मरतेय, मुलगी टाहो फोडतेय, आणि मध्ये धप्प — हातात कौल घेतलेला पोरगा. हॉल फुटला. शो संपल्यावर मालक आला. पोराला वाटलं आता मार बसणार. मालक म्हणाला, "उद्या पण पडशील का?"

आईला मेसेज केला, हिरव्या बांगड्या पाठव. लहान माप.

९ मार्च, शनिवार

घरी गादीवर पोत्यासारखं पडून बघितलं. हात पुढे आलाच. दोन्ही कोपरं निळी. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक ना!

१० मार्च, रविवार

सोळा सेकंद.

आज गिनजी-सानशी नीट बोलले. अडतीस वर्षं तोन-सानच्या शेजारी पडणारा माणूस! नाटक कुठलंही असो, गिनजी-सान उजवीकडे, दोन हातांच्या अंतरावर. साठीच्या पुढचे असतील, केस एकदम काळे (रंग लावतात, कानावर डाग होता). तोन-सानना "दादा" म्हणतात, आणि दादा त्यांना म्हणतो "गिन, गाढवा".

नियम त्यांनी सांगितला. मला वाटत होतं सगळे आपले मनानंच उठतात. नाही! पडल्यावर तोंड जमिनीकडे. दादाकडे बघायचं नाही — बघितलं की आपण हसतो आणि खेळ संपतो. आणि दादा उठल्याशिवाय कुणीही उठायचं नाही. काहीही होवो.

"हसू पिकायला वेळ लागतो," गिनजी-सान म्हणाले. "दादा पडून ऐकत असतो. आता हसू खाली आलं, आता पोरींकडून परत उचललं गेलं, आता मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला उशिरा कळलं — की उठतो. माझ्या पहिल्या वर्षी मी एकदा आधी उठलो. फक्त एक सेकंद. हसू तिथेच मेलं. आत आल्यावर दादानं मारलं नाही, ओरडला नाही. बूट काढले आणि माझ्यासमोर ठेवले. 'घे, तूच हो दादा,' म्हणाला. त्यानंतर छप्पर पडलं तरी मी उठणार नाही."

रेकॉर्डिंगची अडचण सांगितली. माझ्या सीटवरून नुसतं हसणंच रेकॉर्ड होतं (बरंचसं माझंच!). तर म्हणाले, रेकॉर्डर स्टेजवरच ठेव. उडॉनच्या टेबलावर खायच्या काड्यांचा उभा डबा आहे ना, त्यात! दादा बरोबर त्या टेबलापाशी पडतो.

किती हुशार माणूस.

१४ मार्च, गुरुवार

तोन-सानच्या घरी! फुसाए-सान, म्हणजे त्यांची बायको. मी वहीत त्यांना काकूच लिहिणार, दुसरं काही जमत नाही. दारातच म्हणाल्या, "ये बाई. तुझ्यामुळे निदान यांची बडबड आज दुसरं कुणीतरी ऐकेल." आणि तोन-सान सिनेमाच्या दिवसांवर आले तसं काकूंनी कानातलं ऐकायचं यंत्र काढलं, छोट्या डबीत ठेवलं, डबी टच्च बंद केली.

"पन्नास वर्षं हेच ऐकलंय."

तोन-सान मला म्हणाले, "फसू नकोस. यंत्र काढलं तरी हिला हवं ते सगळं ऐकू येतं."

चौतीस सिनेमे. एकतीसमध्ये पडले. जिन्यावरून, बोटीतून, न्हाणीघराच्या भिंतीवरून, एकदा घोड्यावरून, एकदा घोड्यासकट. मग एका डायरेक्टरला वाटलं यांना सीरियस रोल द्यावा. म्हातारा बाप, स्टेशनवर मुलाची वाट बघतोय, मुलगा येत नाही, बाप बाकावरून हळूच कलंडतो आणि मरतो. तेव्हा तोन-सान फक्त अठ्ठावीसचे! तीन महिने रोज जाऊन स्टेशनवरची म्हातारी माणसं बघत बसायचे. लग्न नवीन होतं. सिनेमा लागला तेव्हा दोघं थिएटरात शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

"मी कलंडलो आणि हॉल हसायला लागला. मी तिथे मरत होतो आणि लोक पोट धरून हसत होते."

"मी पण हसले होते," काकू म्हणाल्या. (यंत्र डबीत!)

"बघ! बायको पण!"

"पडलातच तसे. मी काय करू?"

तोन-सान खूप हसले. मग चहाचा कप फिरवत बसले. म्हणाले, "मला वाटलं होतं एखादा तरी उठून धावेल. पडद्याकडे. येड्यासारखा. एखादा तरी."

त्यानंतर सीरियस काम कुणी दिलं नाही. हसवायचं काम पण कमी झालं — लोकांना म्हणे तो चेहरा बघून आता मरणं आठवायचं आणि मग जास्तच हसू यायचं, भलत्याच ठिकाणी. परत या थिएटरात आले. परत पडायला लागले.

निघताना ते पण उठायला गेले. चटईवरून उठता येईना. हात वर केला — "फुसाए, उचल गं मला." काकूंनी पट्ट्याला धरून गोणी उचलावी तसं उचललं. "स्टेजवर मी स्वतः उठतो," मला म्हणाले. "घरी मी साहेब असतो."

२१ मार्च, गुरुवार

चौदा सेकंद. तोन-सान जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरले. म्हणाले डोकं जड आहे, टोपी घट्ट झालीय. डोक्यावर टोपी नव्हती. मी हसले.

२४ मार्च, रविवार

सीझनचा शेवटचा शो! हाऊसफुल. रेकॉर्डर काड्यांच्या डब्यात ठेवून आले. नवा सेल घातला. आज वीसच्या वर जाणार, मला माहितीय!

तीच तारीख

एक्केचाळीस.

२५ मार्च, सोमवार

लिहायला हवं. दुसरीकडे कुठे ठेवू हे.

पडले. एरवीपेक्षा थोडे आधी पडले, मालकिणीचं वाक्य अर्धंच झालं होतं. आणि पडताना हात पुढे आला.

मी बघितलं. हॉलमध्ये कदाचित मी एकटीनंच बघितलं असेल, बाकी कुणाला हात वगैरे माहितीच नाही. मी काय केलं? वहीत लिहिलं. "नवीन!! हात!" दोन उद्गारचिन्हं. पान समोर आहे.

सगळे पडले. हॉल हसला. दहा. पंधरा. तोन-सानचा पाय एकदा हलला, जमिनीवर आपटला, त्यावर आणखी हसू. वीस झाले तेव्हा मी शेजारच्या बाईंचा हात धरला. पंचवीस झाले तेव्हा मी ओरडले — "रेकॉर्ड!" लोक वळले, माझ्याकडे बघून पण हसले. टाळ्या सुरू झाल्या. तीस. स्टेजवर अकरा माणसं पालथी, एकही हलत नाही, नियम आहे. छप्पर पडलं तरी.

एक्केचाळीसला गिनजी-साननी मान वळवली.

ते उठले. अडतीस वर्षांत दुसऱ्यांदा, दादाच्या आधी. "दादा?" म्हणाले. आणि लोकांना वाटलं हाच तो पंच, आणि सगळ्यात मोठं हसू त्याला आलं. ते मी मोजलं नाही.

पडदा.

हॉस्पिटलमध्ये पोचायच्या आधीच. डोक्यात रक्तस्राव. डॉक्टर म्हणाले तेवढ्या सेकंदांनी काही फरक पडला नसता. गिनजी-सान कॉरिडॉरमध्ये उडॉनच्या गिऱ्हाइकाच्या वेशात उभे होते, गळ्याला रुमाल बांधलेला. म्हणाले, "डॉक्टर सगळ्यांना हेच सांगतात."

२७ मार्च, बुधवार

आईचं पार्सल आलं. हिरव्या बांगड्या. लहान माप.

२८ मार्च, गुरुवार

अंत्यविधी. पांढरी फुलं, उदबत्त्या, रस्त्यापर्यंत रांग. मी पेटीत एक बांगडी ठेवायला गेले तर तिथला माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "माफ करा, काच चालत नाही. भट्टीत वितळते, अस्थींना चिकटते." बांगडी हातात घेऊन उभी राहिले. काकूंनी विचारलं काय आहे. सांगितलं — विधवेच्या रोलसाठी मागितल्या होत्या. काकूंनी बांगडी घेतली. "तो रोल आता मला मिळालाय," म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातात घातली. अर्ध्यावर अडकली. ढकलली. गेली.

गाडी निघताना ड्रायव्हर हॉर्न धरून ठेवतो, लांब. हॉर्न वाजला आणि थिएटरची सगळी मंडळी काळ्या कपड्यांत, रस्त्यावर, एकदम पडली. आधी ठरवलं असणार. लोक रडत रडत हसले. दादाला असाच निरोप हवा होता, सगळे म्हणत होते.

गिनजी-सान उभेच. एकटे. हात शिवणीला लावून सरळ.

१ एप्रिल, सोमवार

पुढच्या महिन्यात नवे सम्राट येणार, म्हणून आज टीव्हीवर नव्या युगाचं नाव जाहीर झालं. कागद उचलून दाखवला. शाळेत टीचर्स टाळ्या वाजवत होत्या. तोन-साननी नक्की काहीतरी केलं असतं, तो कागद घेऊन पडले असते.

संध्याकाळी थिएटरचं सामान बघणारे काका घरी आले. प्लास्टिकच्या पिशवीत काड्यांचा डबा. "आवराआवर करताना सापडलं. तुझंच ना हे?"

रेकॉर्डर.

सेल संपलेला. फडताळात ठेवला, स्वेटरांच्या खाली.

५ एप्रिल, शुक्रवार

स्वेटरांच्या खालीच.

७ एप्रिल, रविवार

गिनजी-साननी काम सोडलं. ऑफिसात कळलं. पुढच्या सीझनच्या तालमी सुरू झाल्या, ते आलेच नाहीत. मी घर शोधत गेले. घरी बायको म्हणाली, नदीकाठी असतील, रोज तिथेच असतात.

चेरी फुललेली, लोक चटया टाकून खातायत, पितायत, गातायत. ते एका बाकावर, पाठ फुलांकडे. केसांना रंग नाही. ओळखूच आले नाहीत — पांढरेशुभ्र!

"बस," म्हणाले. बुटानं खाली पडलेल्या पाकळ्या बाजूला सारत राहिले. मग —

"दोन हात. दादाचं डोकं माझ्यापासून दोन हातांवर होतं. मी फक्त मान वळवायची होती. मी काय करत होतो सांगू? मी मनात म्हणत होतो, वा दादा! आज तर कमाल केलीस!"

"मी रेकॉर्ड म्हणून ओरडले," मी म्हटलं. "मला तर हात दिसला होता."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. त्यांना हाताचं माहीत नव्हतं. मी का सांगितलं? मूर्ख, मूर्ख.

"हात पुढे?"

मी मान हलवली.

शेजारच्या चटईवर एक दारू प्यायलेला माणूस त्यांना ओळखून उठला, "ए, पडून दाखव ना एकदा!" गिनजी-सान उठले, त्याला वाकून नमस्कार केला, परत बसले. तो माणूस गप झाला.

मग विचारलं, "ते काड्यांच्या डब्यातलं. चालू होतं?"

"होतं."

"तो काही बोलला का? मला हसण्यापलीकडे काही ऐकू आलं नाही. पण मला झोपेत वाटतं तो बोलला. तू ऐक. मला जमणार नाही. तू ऐक आणि मला सांग. तो मला बोलावत असेल तर — तर मला कळलं पाहिजे. मग काय करायचं ते मी बघेन."

काय करायचं ते मी बघेन. हे वाक्य घेऊन घरी आले. ट्रेनमध्ये मी उभीच होते. रिकामी सीट होती.

१३ एप्रिल, शनिवार

ऐकलं.

तीनदा ऐकलं. मग चौथ्यांदा. आज काही लिहायचं नाही.

१४ एप्रिल, रविवार

आईचा फोन. "आवाज असा का? जेवलीस का?" जेवले म्हटलं. मराठीत खोटं बोलायला किती सोपं जातं.

२० एप्रिल, शनिवार

काकूंकडे. गिनजी-सान पण आले. काकूंनीच बोलावलं होतं त्यांना: "तुझ्या बायकोचा फोन होता, तू भात टाकतोस म्हणून. माझ्यासमोर बसून खा."

देवघरापाशी तोन-सानचा फोटो. तोंड उघडं असलेला, पडायच्या आधीचा. सापडेना म्हणे दुसरा, सगळे असेच. समोर भात, संत्रं. काकूंच्या हातात हिरवी बांगडी, काहीही उचललं की वाजते.

गिनजी-सान भिंतीकडे तोंड करून बसले. आमच्याकडे पाठ. "मी असाच बसतो," म्हणाले. "चालू द्या."

मी रेकॉर्डर काढला. हेडफोनची पिन आत जाईना. काकू म्हणाल्या, "आधी मला दे. नवरा माझा आहे." कानातलं यंत्र काढायला हात वर नेला, म्हणाल्या, "हेडफोन लावला की शिट्टी मारतं मेलं," आणि डबी टच्च बंद झाल्याचा आवाज आला. हेडफोन लावला. डोळे मिटले.

मला बाहेरून ऐकू येत होतं — हेडफोनमधून गळणारं हसणं, बारीक, डबक्यात पाऊस पडावा तसं. एक्केचाळीस सेकंद. मी घड्याळ न बघता मोजू शकते.

काकूंनी हेडफोन काढला. चेहरा तसाच.

"काही कळत नाही बाई. नुसता कल्ला. या कानांचा काय उपयोग. रिजू-चान," माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तूच सांग. काही बोलला का तो?"

गिनजी-सानची पाठ. त्यांच्या स्वेटरला कॉलरपाशी धागा सुटलेला होता. मी त्या धाग्याकडे बघत होते.

"बोलले," मी सांगितलं. "म्हणाले, 'गिन, अजून नको. हसतायत.'"

"परत सांग," गिनजी-सान म्हणाले.

"'गिन, अजून नको. हसतायत.'"

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. रडत होतेच, पण मग आवाज आला, आणि तो हसण्याचा होता. "गाढव!" भिंतीला म्हणाले. "मरताना पण सेकंद मोजतोय! गाढव दादा!" वळले, जमिनीला कपाळ टेकवून मला नमस्कार केला. मी पण टेकवलं. उठायचं कुणी ते कळेना.

"पुरे," काकू म्हणाल्या. "भात गार होतोय."

गिनजी-साननी दोन वाडगे खाल्ले.

१ मे, बुधवार

नवं युग सुरू झालं. सगळीकडे रांगा, शिक्के, सेलचे बोर्ड.

ते वाक्य आता सगळीकडे आहे. ऑफिसातून मेल आला — पुस्तकाच्या शेवटच्या पानावर फक्त तेवढंच छापणार, मोठ्या अक्षरांत. फॅन क्लबच्या बाई मला मिठी मारून रडल्या. कुणीतरी त्याचा टी-शर्ट काढतंय. गिनजी-सान तालमीला यायला लागले, केस काळे.

मी बाकीचं पुस्तक लिहून दिलं. कौलं, छप्पर, घोड्यासकट, स्टेशनचा बाक. शेवटचं पान मी टाइप केलं नाही. त्यांना सांगितलं, तुम्हीच करा.

११ मे, शनिवार

एकोणपन्नासावा दिवस, म्हणजे इथलं तेरावं. सकाळी मंदिरात पूजा, दुपारी थिएटरात खास शो. तेच उडॉनचं दुकान.

तोन-सानच्या जागी कुणीच नाही. फक्त त्यांचं स्टूल. मालकीण स्टुलाशी बोलत होती — "का हो, आज एवढे गप्प?" — आणि स्टूल उत्तर देत नव्हतं, आणि लोक हसत होते. मग नेहमीचं वाक्य आलं, सामानवाल्या काकांनी आतून दोरी ओढली, स्टूल कलंडलं.

सगळे पडले. गिनजी-सान पण! पोत्यासारखे. स्टुलापासून दोन हातांवर.

हॉल हसला. मग हसू खाली आलं. मग परत उचललं. मग संपलं. आणि कुणी उठेना. कोण उठणार? नियम आहे. दादा उठल्याशिवाय नाही. स्टूल आडवं पडलेलं. हळूहळू हॉलमध्ये नाकं ओढायचे आवाज यायला लागले. अकरा माणसं पालथी. आता हे कसं संपणार, कुणालाच माहीत नव्हतं, मला वाटतं त्यांनी पण ठरवलंच नव्हतं.

पहिल्या रांगेत काकू उठल्या. काळा किमोनो. बांगडी वाजली, इतकं शांत होतं.

"उठा रे आता," म्हणाल्या. "तो काही उठत नाही."

असं हसू मी कधी ऐकलं नाही. सगळे रडत होते आणि छप्पर उडेल इतके हसत होते. गिनजी-सान सगळ्यात शेवटी उठले. स्टूल सरळ केलं.

स्टॉपवॉच घरी ठेवून गेले होते.

१२ मे, रविवार

रेकॉर्डर काकूंकडे द्यायला गेले. त्यांच्याकडे असावा म्हणून. निघताना दारात बूट घालत होते, तेव्हा म्हणाल्या, "त्या दिवशी डबी मी नुसती वाजवली. यंत्र कानातच होतं."

मी लेसकडे बघत राहिले.

"'गिन, उचल रे मला.' दोनदा म्हणाला. ना?"

"तीनदा," मी म्हटलं. "तिसऱ्याच्या वर माझं हसणं आहे."

काकू खाली बसल्या. माझ्या दुसऱ्या बुटाची लेस बांधली, घट्ट, दोन गाठी.

"गिनजीचा दोनचा शो आहे," म्हणाल्या. "पळ. सेकंद कोण मोजणार?"